काचेतला तुलपार

२८ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. आमच्या क्लबचा इतिहास कोणीतरी लिहून ठेवायला हवा. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, "तूच लिही. तुझं एवढं कौतुक दुसरं कोण करणार?" साल्तानातची जीभ अशीच आहे. तिने वळलेल्या, मांस भरून वाफवलेल्या मंतीसाठी मी ती सोसतो.

तर आज तुलपार आला. काराकोलच्या बाजारामागच्या या एका खोलीत दहा जुनी संगणकयंत्रं होतीच, पोरं त्यांच्यावर खेळून खेळून कळा घासून टाकतात. मधोमध आता अकरावं. एक बाजू सगळी काचेची, आत नवं ग्राफिक्स कार्ड, वीटभर लांब, तीन पंखे, त्यातून आधी निळा, मग जांभळा, मग तांबडा उजेड झिरपतो. संपूर्ण इसिक-कुल सरोवराच्या किनाऱ्यावर असं कार्ड कोणाकडे नाही. पंखांच्या घोड्याचं नाव दिलं, तुलपार. बाबा आयुष्यभर घोडे राखत आले. ते म्हणाले, "न धावलेल्या घोड्याला नाव देऊ नये." मी हसण्यावारी नेलं.

सगळे नातेवाईक बघायला आले. नवी सून असो, बाळ असो की घर, आमच्यात पहिल्यांदा बघायला रिकाम्या हाताने येत नाहीत, कोरुमदुक द्यावं लागतं. सून आणल्यावर तोंड बघायचा आहेर करतात तसा तुलपारला झाला. कोणी पांढरा रुमाल बांधला, कोणी मेंढीचं मांस आणलं, काकांनी तर चहाची नवी समोवार आणली. फक्त बुबायशा आत्या आल्या नाहीत, गुडघा धरलाय. फोनवर म्हणाल्या, मी येईन तेव्हा माझ्यासाठी परत सगळे दिवे लाव.

धाकटी बहीण नूरिझा तळलेले बोरसोक वाटत होती. तिने वाटता वाटता विचारलं, "दादा, प्रोसेसर नवा घेतलास की तो सहा नंबरच्या यंत्रातलाच घातलास?" सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "तोच घातलाय. तो पंख्याखाली असतो, कोणाला दिसणार आहे? आणि तो यंत्राचा मेंदू. मेंदू म्हातारा असला म्हणून बिघडत नाही, बाबांकडे बघ." खोलीभर हशा झाला, बाबाही हसले. नूरिझाही हसली आणि परात घेऊन पुढे गेली.

दिवस सोन्यासारखा गेला.

१ ऑक्टोबर

कार्ड एवढं का घेतलं ते इतिहासात यायला हवं. नूरिझासाठी घेतलं. (थोडं क्लबच्या नावासाठीही.)

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मीच वाढवली म्हणायला हरकत नाही. आता बावीसची आहे. क्लबचा गल्ला सांभाळते आणि गिऱ्हाईक नसताना खेळते. पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा खेळ आहे, त्यात या भागात तिच्या वाटेला कोणी जात नाही. राजधानीत, बिश्केकला, मुलींचा एक संघ बांधतायत, पाचवी जागा रिकामी आहे. त्यांचा प्रशिक्षक अझमात बारा तारखेला तिथूनच, इंटरनेटवरून, तिचा खेळ बघणार. जागा मिळाली तर राहणं, जेवण, पगार, आणि वसंतात अल्माटीची स्पर्धा.

नाही मिळाली तर मॉस्को. चुलत बहीण जिबेक तिथे एका गोदामात खोकी भरते, तिने नूरिझासाठी जागा धरून ठेवलीय. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे. सणाला व्हिडिओवर दिसतात. जिबेक सहा वर्षांत दोनदा आली, दुसऱ्यांदा आली तेव्हा तिला खाली बसून चहा पिता येईना, पाठ गेली होती.

बाबा म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत वाट बघू. संघ नाही तर जिबेक." नूरिझा म्हणाली, "बरं." ती जास्त बोलत नाही. बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

५ ऑक्टोबर

सराव बघितला. तुलपारच्या काचेबाहेर खुर्ची टाकून पडदा बघत बसलो होतो. डोंगर, धूर, गवताचं पातं न पातं, काय चित्र दिसतं. एकटीने फिरते तेव्हा पाण्यासारखी चालते. पण दहाही जण एका चौकात भिडले की अडखळते. नेम धरते, क्षणभर थिजते, आणि मरते. तीन वेळा तसंच.

मी म्हटलं, "घाबरतेस तू गर्दीला."

ती म्हणाली, "चित्र अडकतं, दादा."

"या कार्डावर? नाचता येईना अंगण वाकडं."

मग मला वाटलं, आपण मोठे आहोत, मदत करावी. म्हटलं, चित्राचा थाट कमी कर, सावल्या बंद कर, वेग वाढेल, कोणीही शेंबडं पोर सांगेल. तिने सगळं अगदी खाली आणलं. चौकात गेली, तशीच थिजली. इकडचा केस तिकडे झाला नाही. बघ म्हटलं, यंत्राचा दोष असता तर फरक पडला असता की नाही? ती "हो" म्हणाली आणि सगळं परत वर नेलं, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत. पोरीला नटवं चित्र आवडतं. बायकांना सावल्या हव्यातच.

८ ऑक्टोबर

पुन्हा तेच. हात गारठतात तिचे. मी शेगडीत कोळसा वाढवला.

१२ ऑक्टोबर

झालं. नाही जमलं.

बाबा उंच टोपी घालून आले होते, साल्तानातने शेजारणींनाही बोलावलं होतं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी अझमातचा आवाज मोठ्या कर्ण्यावर लावला. सुरुवातीला तोच म्हणत होता, "वा, हिची चाल बघा." मग चौक आला. थिजली, मेली. दुसरा डाव, थिजली, मेली. शेवटी अझमात म्हणाला, "डोकं चांगलं आहे, पण गर्दीत हात थांबतायत. का?"

नूरिझाने तोंड उघडलं. त्याच्या आत मीच पुढे झालो आणि माइकमध्ये म्हणालो, "लहानपणापासून असंच आहे साहेब. सहा वर्षांची असताना शाळेच्या समारंभात कविता म्हणायला उभी राहिली आणि शंभर माणसं बघून मुतली." मला वातावरण हलकं करायचं होतं. अझमात हसला. शेजारणी हसल्या. तो म्हणाला, "स्पर्धेत तर हजारो असतात. कळवतो." असं कळवतो म्हणणारा कळवत नसतो.

तिने हेडफोन काढून खुंटीवर नीट अडकवला. मग सगळ्यांना चहा केला.

बाबांनी जाताना विचारलं, "घोड्याची नाल बघितली होतीस का?" मी म्हटलं, "बाबा, हा लोखंडाचा घोडा, याला नाल नसते."

"बरं," म्हणाले. घरात सगळे बरंच म्हणतात.

१४ ऑक्टोबर

जिबेकला कळवलं. तीन नोव्हेंबरचं तिकीट निघालं. नूरिझाला समजावलं की दोष मान्य केला की माणूस मोठा होतो, मॉस्कोत गर्दीची सवय होईल, मेट्रोत तर धक्के खाऊनच शिकशील. ती कप विसळत होती. साल्तानातने माझ्याकडे असं बघितलं की मी अंगणात जाऊन लाकडं फोडली.

१९ ऑक्टोबर

हे पान लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो, नाहीतर इतिहास खोटा होईल.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तुलपार रिकामा होता. जरा आपणही बघू खेळ कसा खेळतात, म्हणून मीच बसलो. साल्तानात जेवणाचा डबा घेऊन आली आणि मागे उभी राहिली. एकट्याने फिरलो, लोण्यासारखं. मग चौकात सगळे भिडले. मी थिजलो आणि मेलो. पुन्हा. पुन्हा.

साल्तानात म्हणाली, "तूही लहानपणी मुतला होतास का?"

मी म्हटलं, वय झालं.

"तिचं बावीस, तुझं एकेचाळीस, आणि दोघांचे हात एकाच चौकात गारठतात. त्या चौकात बर्फ पडलाय वाटतं."

डबा ठेवून ती गेली. मग पडद्याच्या कोपऱ्यात कोण किती काम करतंय ते दाखवणारे आकडे असतात, ते लावले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करताना करतोच. तुलपारवर केलं नाही, कारण आपल्या सुनेचे दात कोणी मोजत नाही.

एकटा फिरताना ठीक. चौकात शिरलो. प्रोसेसर शंभर टक्के, धापा टाकतोय. कार्ड पस्तीस. तिन्ही पंखे डौलात फिरतायत, जांभळा उजेड आणि निम्म्याहून जास्त वेळ हातावर हात.

यात अवघड काही नाही. कोण कुठे उभा, कोणाची गोळी कोणाला लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो. तो झाल्यावर कार्ड चित्र काढतं. माणसं दोन असली तर हिशेब थोडा, दहा भिडली की डोंगराएवढा. सहा नंबरच्या यंत्रातला म्हातारा हिशेबात बुडाला की कार्डाला काढायला काही मिळतच नाही. चित्र थांबतं. आणि चित्र साधं करून उपयोग का झाला नाही, तेही उघड आहे. त्याने काम कमी होतं ते कार्डाचं, आणि कार्डाला मुळात कामच नव्हतं.

साल्तानातला घरी सांगितलं. ती मंती वळत होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे मंती वळणारी मी एकटी, आणि तू वाफवायला सात मजल्यांचं भांडं आणून ठेवलंस. पाहुणे उपाशी बसले तेव्हा म्हणालास, यांना भूकच नाही."

हो. अगदी तेच.

अंगण खरंच वाकडं होतं. मीच वाकडं केलं होतं आणि वर नाचणारीला शंभर माणसांपुढे नावं ठेवली. शंभर कुठली, सहा शेजारणी आणि अझमात. पण तिच्या सहाव्या वर्षातली गोष्ट मी काढली. ती तेव्हा घरी येऊन माझ्याच मांडीवर रडली होती, आणि कोणाला सांगणार नाही म्हणून मी शब्द दिला होता. मला माझीच लाज वाटते. आमच्यात त्याला उयात म्हणतात, पोरांना दिवसातून दहा वेळा ऐकवतात, बसू नको असं उयात, हसू नको उयात. तो शब्द आज पहिल्यांदा अंगाला लागला.

२० ऑक्टोबर

आज तिला सांगायचं ठरवलं होतं. ती गल्ल्यावर होती. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "साखर संपलीय का?" ती म्हणाली, "नाही." मग मी बाजारात जाऊन दोन किलो साखर आणली.

२२ ऑक्टोबर

बाबांना सांगायला गेलो. ते आत्यांशी फोनवर बोलत होते. "काय करणार, पोरीचे हात गर्दीत थांबतात म्हणे." ते 'म्हणे' ऐकून दारातच पाय थबकले. बाबांनी मान वर करून बघितलं. मी म्हटलं, "गाईला पाणी पाजलंत का?" पाजलं होतं.

सांगितलं तर काय होईल? प्रोसेसर बदलायचा तर त्याच्याखालचा बोर्डही बदलावा लागेल, आणि ते सगळं या कार्डाच्या बदल्यातच मिळेल. म्हणजे ज्याचं तोंड बघून माणसांनी रुमाल बांधले, तेच देऊन टाकायचं. सून आणून आहेर घ्यायचा आणि महिन्याभरात तिला बाजारात उभी करायची. काकांची समोवार कपाटावर बसून माझ्याकडे बघते. लोक म्हणतील, एर्मेकने आहेरासाठी घोडा आणला होता.

आणि गप्प बसलो तर पोर खोकी भरायला जाईल. दोन्ही बाजू समोर आहेत. कुठली जड आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल. मी मात्र रोज साखर आणतोय.

२५ ऑक्टोबर

नूरिझाने तिचा माऊस मला आणून दिला. चांगला आहे, पाठ घासून गुळगुळीत झालीय. म्हणाली, "तिकडे काय करू याचं? क्लबला राहू दे."

मी घेतला. "थँक यू" म्हणालो. खरंच म्हणालो.

२७ ऑक्टोबर

पहाटेच्या गाडीने बिश्केकला गेलो. कार्ड मांडीवर, साल्तानातच्या शालीत गुंडाळलेलं. कोणाला सांगितलं नाही, फक्त तिला. ती म्हणाली, "शाल परत आण."

बाजारात स्लावा आहे, जुना ओळखीचा. सगळं ऐकून तो हसला नाही, ते बरं केलं. फक्त म्हणाला, "एर्मेक, तू तर दुसऱ्यांना असं करू देत नाहीस." नवा प्रोसेसर, बोर्ड आणि मधल्या प्रतीचं एक कार्ड, अशी अदलाबदल झाली. हे कार्ड काळं आहे, बिनदिव्याचं, चपलेच्या खोक्यासारखं दिसतं. रात्री क्लबात परतून सगळं बसवलं आणि चौकात शिरलो तेव्हा दहा जण भिडले, धूर झाला, स्फोट झाले, आणि चित्र वाहत राहिलं. प्रोसेसर सत्तर, कार्ड नव्वद. दोघेही कामाला. मी तरीही मेलो. तो माझाच खेळ होता.

२८ ऑक्टोबर

अझमातला फोन केला. पुन्हा एकदा बघा म्हणून विनवलं. तो म्हणाला, "गर्दीत हात थांबतात ना तिचे?"

इथे खरं सांगायचं होतं. ओठांवर होतं. मी म्हणालो, "आता सुधारलेत. मी रोज सराव करून घेतलाय."

तो म्हणाला, एकतीसला बघतो, पण आशा ठेवू नका.

फोन ठेवून वळलो तर नूरिझा दारात बुटांवरचा बर्फ झाडत होती. ऐकलं असावं. म्हणाली, "कोणाचे हात सुधारले?" मी म्हटलं तुलपारमध्ये थोडी डागडुजी केलीय, बसून बघ. ती बसली. काचेतून आत बघितलं. अंधार होता. एक डाव खेळली. चौकात शिरली, तिघांना टिपून बाहेर आली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"कसं आहे?" मी विचारलं.

"छान आहे, दादा." आवाज जड होता. सर्दी झाली असेल, बर्फ पडतोय.

३१ ऑक्टोबर

सकाळपासून गर्दी. आणि नेमक्या आजच बुबायशा आत्या आल्या, आक-सू गावाहून, दुखरा गुडघा घेऊन, दोन गाड्या बदलून. हातात भलं मोठं गाठोडं. सोडलं तर आत दाबलेल्या लोकरीची, नमद्याची झूल, लाल नि काळ्या शिंगांची नक्षी, स्वतः शिवलेली. म्हणाल्या, "फोनवर म्हणालास ना घोडा आणलाय, तुलपार. घोड्याला झूल नको? महिनाभर बसून शिवली. आता दिवे लाव, बघू दे तोंड."

खोलीत बाबा, काका, साल्तानात, त्याच शेजारणी. आत्या काचेपुढे उभ्या. आत ते काळं खोकं.

"दिवे मग लावू आत्या," मी म्हटलं, "आधी हिचा खेळ." काकांनी काचेला नाक लावून आत बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

अझमातचा आवाज कर्ण्यावर आला. सुरू झालं. मला चित्र बघवेना, मी तिचे हात बघत होतो. डावा कळांवर, उजवा त्या गुळगुळीत माऊसवर, मीच आज तिला परत दिलेल्या. चौक आला. हात थांबले नाहीत. एक, दोन, चार जण पडले. दुसऱ्या डावात ती एकटी उरली आणि समोर तीन, तरी डाव जिंकला. मग अझमात म्हणाला, "पोरी, हे त्या दिवशी कुठे होतं? मी गेल्या आठवड्यात, मंगळवारी, दुसरी मुलगी घेतली. काय झालं होतं त्या दिवशी?"

मंगळवार म्हणजे मी बाबांच्या दारात गाईला पाणी पाजलं का विचारत होतो तो.

नूरिझाने माइक ओढला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "हात गारठले होते, साहेब."

आणि इथे खोटं लिहून काय मिळणार, मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. पहिल्यांदा तेच वाटलं.

तेवढ्यात आत्या बोलल्या. "हिचे हात? जानेवारीत माझ्याकडे यायची तेव्हा उघड्या हाताने तीन गाई पिळायची ही. बादलीवर बर्फ धरायचा. हिचे हात कुठून गारठणार?"

माझ्याच्याने राहवलं नाही. मी वाकून माइक घेतला. म्हणालो, "हात चांगले होते, साहेब. यंत्र माझं होतं. कार्ड मोठं घातलं, दिसावं म्हणून. प्रोसेसर जुनाच ठेवला, दिसत नाही म्हणून. गर्दीत तो दमायचा आणि मी म्हणायचो ही घाबरते."

"कुठला प्रोसेसर?"

सांगितला. कर्ण्यातून अझमात हसला. असा हसला की काच थरथरली. "त्या कार्डाला? कोणी जोडलं हे?"

"मी."

"तुमचं तर दुकान आहे ना याचं?"

"हो."

"आणि कळलं कधी?"

"एकोणीसला."

तो हसायचा थांबला. "मंगळवारच्या आधी कळवलं असतं, तर जागा हिची होती."

हेही कर्ण्यावरच. बाबांनी ऐकलं, काकांनी, सगळ्यांनी ऐकलं. नूरिझाने कळांवर बोट ठेवलं होतं, दाबत नव्हती. आत्या माझ्याकडे बघत होत्या, झूल हातात घेऊन. मी म्हटलं, "आत्या, दिवे नाहीत. ते कार्ड मी देऊन टाकलं. लोकांनी ज्याचा आहेर केला ते आता इथे नाही. हे आहे." आणि कप्पा उघडून पंख्याखाली बोट दाखवलं, जिथे बघण्यासारखं काही नसतं.

काका आपल्या समोवारीचा चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला.

शेवटी अझमात म्हणाला की राखीव खेळाडू म्हणून तो हिला घेऊ शकतो. राहणं, जेवण, सराव. पगार नाही, अल्माटीचा शब्द नाही, कोणी आजारी पडलं तर उतरवीन. चालेल का?

नूरिझाने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "जिबेकला फोन लाव." मग माझ्याकडे वळून, "तू लाव. आणि का येत नाही तेही तूच सांग."

आत्यांनी झूल नूरिझाच्या खांद्यावर टाकली. म्हणाल्या, "बघायला आले होते, बघितलं. बिश्केकच्या खुर्च्या गार असतात."

४ नोव्हेंबर

गेली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "दादा, सहा नंबरच्या यंत्राला प्रोसेसर परत घाल. बंद पडलंय ते महिनाभर." घालतो म्हटलं.

तिची माफी मागणार होतो. गाडी सुटली. नंतर साल्तानात म्हणाली, तू तिला सफरचंदं किती दिलीस माहितीये? गोणभर. तिथे कोण खाणार?

८ नोव्हेंबर

काका येत नाहीत. बाजारात स्लावाकडून की कुठून बातमी पसरली, पोरं मला प्रोसेसर म्हणतात. म्हणोत.

११ नोव्हेंबर

तुलपारवर एक गिऱ्हाईक बसलं होतं, ओरडलं की चित्र जड चालतंय. बघितलं तर चित्राचा सगळा थाट शेवटच्या पट्टीवर, सावल्या, गवत, पाण्यातली प्रतिबिंबं. नूरिझाच्या जुन्या खात्यावरचंच असणार, डागडुजीनंतर ती नव्या खात्यावर खेळली होती. नव्या साध्या कार्डाला ते झेपत नव्हतं. मी सगळं खाली आणलं. तिला नटवं चित्र आवडतं म्हणून मी हसलो होतो ते आठवलं, आणि काहीतरी टोचलं. चौकात दहा जण भिडायला आले की जीव जातो, आणि खेळाडू सावल्या बघत बसेल?

दुपारी फोन केला. ती सरावातून नुकतीच उठली होती. मागे मुली हसत होत्या. सफरचंदं सगळ्यांनी मिळून संपवली म्हणे. मी विचारलं, तेव्हा चित्र एवढं वर का ठेवायचीस?

ती म्हणाली, "खाली आणून उपयोग नव्हता ना, दादा. वेळ लागायचा तो प्रोसेसरला. कार्ड बिचारं रिकामंच बसायचं. म्हटलं त्याला काहीतरी काम द्यावं. वेग नाही तर नाही, चित्र तरी छान दिसू दे."

"कशाला? चौकात तुला कुठे बघायला वेळ होता?"

"मला नाही. तू बसायचास ना, काचेबाहेर खुर्ची टाकून."

मग तिला कोणीतरी हाक मारली, ती म्हणाली, दादा, डाव सुरू होतोय, मी राखीव आहे पण बसावं लागतं. मी म्हटलं, बस.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोरसोक वाटताना विचारलं होतं, आणि मी सगळ्यांना हसवलं होतं.

खुर्ची अजून तिथेच आहे, काचेबाहेर. सहा नंबर पुन्हा सुरू झालंय, आज मी ती उचलून तिथे ठेवली. तिथलं गिऱ्हाईक उभ्याने खेळत होतं.